बालपण, मनोविकार आणि ग्वाल्हेरची आरोग्यशाला

ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाला १९३५ साली सुरू झाली. त्या वेळी शिंद्यांच्या गादीवर जिवाजीराव महाराज होते. मात्र त्यांचे वडील माधवराव १९२५ मध्ये पॅरिस येथे निवर्तले तेव्हा जिवाजीराव अवघे आठ वर्षांचे असल्याने राज्याचा कारभार रीजन्सी कौन्सिल पाहत होते. पूर्ण अधिकार त्यांच्या हाती १९३६ च्या अखेरीस आले. कायद्याच्या मराठीत अल्पवयीन व्यक्तीला ‘अज्ञान’ असा शब्द आहे. अज्ञान राजाच्या हिताची व्यवस्था संस्थानाने अकरा वर्षे चालविली. त्याचे शिक्षण, त्याची मालमत्ता, त्याच्या वतीने घ्यावयाचे निर्णय, या सर्वांचा विचार झाला. अज्ञान रुग्णाचा, म्हणजे ज्याचे मन लहान वयातच ढासळले आहे अशा मुलाचा, असा वेगळा विचार मात्र त्या काळच्या हिंदुस्थानातील वेड्यांविषयीच्या कायद्याने केलेला नव्हता. तो विचार आपल्याकडे कसा व किती उशिरा आला, आणि त्या उशिराची किंमत कोणी मोजली, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावाविषयी. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२० च्या सुमारास ‘असायलम’ ही पाटी उतरवून ‘मेंटल हॉस्पिटल’ ही पाटी लावण्यात आली. ग्वाल्हेरच्या संस्थेचे नाव त्याच नव्या दृष्टीशी जुळणारे आहे. ‘आरोग्यशाला’ या शब्दात आजारापेक्षा आरोग्य पुढे आहे, आणि ‘शाला’ या पदात घराचा आणि विद्येचा असे दोन्ही अर्थ सामावले आहेत. परंतु पाटी बदलली म्हणून लोकांच्या तोंडचा शब्द बदलत नाही. लष्करच्या गल्ल्यांत तो ‘पागलखाना’च राहिला. उत्तरेत एखाद्याची थट्टा करायची तर त्याला आग्र्याला पाठवा म्हणतात; आपल्याकडे ठाण्याचे किंवा येरवड्याचे नाव घेतात. गावाचे नावच शिवीसारखे वापरले जावे, इतकी ही भीती जुनी आहे.

मराठीची गंमत अशी की लहान मुलाला लाडाने ‘वेडोबा’, ‘वेडं पोर’ म्हणण्याची रीत घरोघरी आहे. बालपण आणि वेड या दोन गोष्टी आपल्या भाषेने इतक्या जवळ आणल्या आहेत की मूल खरोखरच वेगळे वागू लागले तर प्रारंभी कोणाला काही वावगे वाटत नाही. ते एकटेच बोलते, हसते, कोणी हाक मारल्याचे सांगते. ‘मोठा झाला की सुधारेल’ हे पहिले निदान आजी करते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही ठरते. पुष्कळ निरोगी मुलांना काल्पनिक सवंगडी असतात, काहींना क्वचित आवाजही ऐकू येतात, आणि ते सारे वयाबरोबर ओसरते. म्हणूनच ज्या थोड्या मुलांच्या बाबतीत ते ओसरत नाही, त्यांचा आजार ओळखण्यास वेळ लागतो.

हा आजार, म्हणजे ज्यात भास आणि भ्रम यांमुळे वास्तवाशी असलेले नाते तुटते तो ‘सायकोसिस’, बालवयात अत्यंत विरळ आहे. स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, प्रौढांमध्ये शंभरात सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा होतो असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. तेराव्या वर्षाच्या आत तो सुरू होण्याचे प्रमाण चाळीस हजारांत एक इतके कमी मानले जाते. संख्या लहान असल्यामुळेच या मुलांचा इतिहास लिहिला गेला नाही. जे थोडे असतात त्यांच्यासाठी वेगळी खोली बांधली जात नाही; त्यांना इतरांच्या खोलीत ठेवले जाते.

ती ‘इतरांची खोली’ कशी होती, हे कायदा पाहिल्यावर कळते. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५८ मध्ये वेड्यांच्या रुग्णालयांविषयीचा कायदा झाला आणि त्याची जागा १९१२ च्या ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’ने घेतली. या कायद्याच्या व्याख्येत जन्मतः बुद्धी कमी असलेला आणि मन बिघडलेला, हे दोघेही ‘ल्युनॅटिक’ या एकाच शब्दात बसविले होते. रुग्णालयाचा दरवाजा उघडायचा तो मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने. नातेवाइकांनी अर्ज करावा, डॉक्टरांनी दाखले द्यावेत, किंवा पोलिसांनी रस्त्यावर भटकणाऱ्यास धरून आणावे, अशी ती रचना होती. तिचा रोख समाजाच्या सुरक्षिततेवर आणि रुग्णाच्या मालमत्तेवर होता. मुलाजवळ मालमत्ता नसते आणि त्याच्यापासून समाजाला फारसा धोकाही नसतो. त्यामुळे या कायद्याला त्याच्याविषयी सांगण्यासारखे काही नव्हते. मुलांना प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवण्याचे बंधनही त्यात नव्हते. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही टिकला आणि १ एप्रिल १९९३ रोजी १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा अमलात येईपर्यंत देशात चालू राहिला.

जागेची टंचाई किती होती, हे भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात नोंदलेले आहे. सबंध हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी दहा हजारांच्या थोड्या वर खाटा होत्या. म्हणजे साधारण चाळीस हजार लोकसंख्येमागे एक. इंग्लंडमध्ये तेव्हा सुमारे तीनशे लोकांमागे एक खाट होती. त्याच वर्षी ग्वाल्हेरला गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि शहरात आधुनिक वैद्यकाचे शिक्षण आले. परंतु मुलाचे मन हा विषय वैद्यकाच्या दारातून आलाच नाही. तो समाजकार्याच्या दारातून आला, आणि तोही मुंबईत. सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ मध्ये तेथे बालमार्गदर्शन केंद्र काढले. ते देशातील पहिले मानले जाते. ग्वाल्हेरची आरोग्यशाला आणि मुंबईचे हे केंद्र यांच्यात दोन वर्षांचे अंतर आहे, पण दोन्हींचे जग निराळे. एकीकडे भिंत आणि हुकूम, दुसरीकडे शाळा, आईवडील आणि संवाद. सायकोसिस झालेले मूल नेमके या दोहोंच्या मध्ये सापडले. केंद्राच्या दृष्टीने ते फार आजारी होते, रुग्णालयाच्या दृष्टीने फार लहान.

या काळात पाश्चात्त्य वैद्यकाची दृष्टीही स्थिर नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रेपेलिन या जर्मन वैद्याने तरुणपणी सुरू होणाऱ्या बुद्धिऱ्हासाचे वर्णन केले होते. १९०६ मध्ये इटलीच्या सान्ते दे सांक्तिस याने तशीच लक्षणे अगदी लहान मुलांत दिसतात असे सांगून त्यांना वेगळे नाव दिले. १९११ च्या आपल्या ग्रंथात स्वित्झर्लंडच्या ब्लॉइलरने ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द रूढ केला. १९४३ मध्ये लिओ कॅनर याने अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेची ओळख करून दिली. त्यानंतर तीसएक वर्षे स्वमग्न मूल, बुद्धीने मागे पडलेले मूल आणि सायकोसिस झालेले मूल अशी तिघांची गफलत होत राहिली. बालपणीचा स्किझोफ्रेनिया हे एकच लेबल तिघांनाही लागे. १९७१ मध्ये न्यूकॅसलच्या इझ्राएल कोल्विन याने तीन वर्षांच्या आत सुरू होणारा विकार आणि पाच वर्षांनंतर सुरू होणारा विकार हे दोन वेगळे आजार आहेत हे दाखविले. १९८० च्या अमेरिकन वर्गीकरणाने ही फारकत मान्य केली. म्हणजे ग्वाल्हेरची आरोग्यशाला पंचेचाळीस वर्षांची होईपर्यंत, तेथे आणलेल्या मुलाला नेमके काय झाले आहे हे सांगणारे सर्वमान्य परिमाण जगातच नव्हते.

ही अनिश्चितता केवळ शास्त्रापुरती राहिली असती तर तिचा एवढा उल्लेख करण्याचे कारण नव्हते. कारण सापडत नाही तेव्हा माणूस दोषी शोधतो, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर वैद्यकाने दोषी म्हणून आईकडे बोट दाखविले. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान हिने मुलात स्किझोफ्रेनिया निर्माण करणाऱ्या आईची कल्पना मांडली. कॅनरच्या लिखाणातील थंड, अलिप्त आईबापांची प्रतिमा लोकांत पसरली, आणि १९६७ मध्ये ब्रूनो बेटेलहाइमच्या ग्रंथाने तिला लोकप्रियता मिळवून दिली. आपल्याकडे आईला दोष देण्यासाठी परदेशी ग्रंथांची गरज नव्हती. गर्भारपणी ग्रहण पाहिले, तिन्हीसांजेला बाहेर गेली, माहेरच्या घराण्यात काही तरी होते, असे निवाडे माजघरात पूर्वीपासून होत आले होते. नव्या विद्येने जुन्या निवाड्यावर शिक्का मारला एवढेच.

पुढच्या संशोधनाने हा दोष काढून टाकला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी १९९० पासून या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. प्रत्यक्ष भास-भ्रम सुरू होण्याच्या कितीतरी आधी यांपैकी अनेकांचे बोलणे, चालणे, मिसळणे मागे पडलेले असते; त्यांच्या मेंदूच्या वाढीत मोजता येणारे फरक असतात; काहींच्या गुणसूत्रांत लहान तुकडे गहाळ असतात. याच अभ्यासात दुसरी गोष्टही दिसली: स्किझोफ्रेनियाचे निदान घेऊन आलेल्या मुलांपैकी पुष्कळांना बारकाईने तपासता तो आजारच नव्हता. आजार आई निर्माण करीत नाही, आणि घाईचे निदानही तितकेच घातक, असे हे दोन धडे आहेत. शास्त्राला ते शिकायला जी दशके लागली, त्यांत किती आया स्वतःला दोष देत राहिल्या याची गणना कोठेही नाही.

ग्वाल्हेरपासून आग्रा रेल्वेने दोन-एक तासांच्या अंतरावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकात नऊ देशांत जो स्किझोफ्रेनियाचा अभ्यास हाती घेतला, त्याचे भारतातील केंद्र आग्रा होते. एकूण बाराशे दोन रुग्ण या अभ्यासात होते, आणि त्याचा निष्कर्ष जगभर गाजला. विकसनशील देशांतील रुग्ण श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा अधिक प्रमाणात सावरतात असे दिसून आले, आणि आग्र्याचे चित्र त्यात विशेष आशादायक होते. पुढे चंदीगडला झालेल्या कामात, रुग्णावर सतत टीका करणारी आणि त्याच्यात अति गुंतलेली कुटुंबे लंडनच्या मानाने येथे कमी आढळली. एकत्र कुटुंब, शेती-दुकानात सामावून घेणारे काम, लोकांची सोशिकता, अशी कारणे पुढे मांडण्यात आली. या निष्कर्षाचा आपण यथार्थ अभिमान बाळगतो. परंतु त्या अभ्यासात पंधरा ते चव्वेचाळीस या वयाचेच रुग्ण घेतलेले होते. पंधराच्या आतील मुलाविषयी आग्र्याचा तो अभ्यास काहीही सांगत नाही. ज्या प्रौढाला भाऊबंदांनी शेतात किंवा दुकानात बसवून सांभाळले, त्याला निदान काम तरी येत होते. ज्याला अजून पाढेही पुरते आलेले नाहीत त्याला कोठे सामावणार?

या प्रश्नाचे उत्तर कुटुंबांनी आपापल्या परीने शोधले. ग्वाल्हेर परिसरातून राजस्थानातील मेहंदीपूरच्या बालाजीला जाण्याची प्रथा आहे. मराठी घरांतून गाणगापूरच्या दत्ताची वाट धरली जाते. सुधीर कक्कर यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बालाजीच्या मंदिराचा अभ्यास केला आहे. तेथील उपचारात रुग्णाबरोबर त्याचे आप्त राहतात, त्याच्याबरोबर नियम पाळतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बाधेची कल्पना शास्त्राला मान्य नसली, तरी दोष रुग्णावर किंवा आईवर न टाकता बाहेरच्या शक्तीवर टाकण्याची सोय तिच्यात आहे, आणि कुटुंब विखुरत नाही. वैद्यकानेही हे सूत्र एकदा उचलले होते. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना राहण्यास बोलाविले. नातलग आजार समजून घेऊन गेले आणि रुग्णही घरी लवकर परतू लागले.

श्रद्धास्थानांचे गोडवे गाण्याचा येथे उद्देश नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका निवासात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही आणि अठ्ठावीस जण मरण पावले. तेथे त्यांच्याजवळ कुटुंब नव्हते, आणि उपचारही नव्हते. यांपैकी एक तरी असते तर साखळीची गरज पडली नसती.

ग्वाल्हेरच्या मराठी समाजापुरते बोलायचे तर त्याची एक अडचण विशेष आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी लष्कर वसविले तेव्हापासून येथे स्थिरावलेली घराणी हिंदी मुलखात राहून आपली भाषा, सण आणि सोयरिकी सांभाळत आली. समाज लहान, म्हणून प्रत्येक घराची माहिती प्रत्येकाला. अशा ठिकाणी मुलाचा मनोविकार उघड झाला तर त्याचे परिणाम मुलापुरते राहत नाहीत. थोरल्या बहिणीचे स्थळ मोडेल, ही भीती आईबापांना उपचारापेक्षा मोठी वाटते. मग मुलाला पाहुणे आले की आतल्या खोलीत बसविले जाते, औषध दुसऱ्या शहरातून आणले जाते, शाळेत ‘काविळ झाली’ असे कळविले जाते. भावंडे या गुप्ततेत वाढतात. मित्राला घरी बोलावता येत नाही, आणि मनातला प्रश्न, हे मलाही होईल का, कोणाला विचारता येत नाही. वाड्यात जागा पुष्कळ असे, तोवर हे लपविणे जमे. आताच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत तेही जमत नाही.

या सर्वांहून अधिक नुकसान वेळेचे होते. तिशीत आजारी पडलेल्या माणसाजवळ आधीचे आयुष्य असते. त्याने शिक्षण पुरे केलेले असते, हातात कसब असते, मित्र असतात, क्वचित संसारही असतो. आजार ओसरला की त्याला परत जायला जागा असते. म्हणून त्याच्या संदर्भात ‘पुनर्वसन’ हा शब्द योग्य आहे. दहाव्या वर्षी आजारी पडलेल्या मुलाचे काय? त्याचे वसन, म्हणजे जगात बसणे, अजून व्हायचे असते. दोस्ती कशी करावी, भांडण कसे मिटवावे, रस्ता कसा ओलांडावा, पैसे कसे मोजावेत, हे ज्या वर्षांत शिकायचे तीच वर्षे आजार खाऊन टाकतो. औषधाने आवाज थांबले तरी ती वर्षे भरून येत नाहीत. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझीन आले आणि रुग्णालयांचे रूप पालटू लागले. १९९६ मध्ये क्लोझापीन हे औषध या मुलांत जुन्या औषधापेक्षा अधिक गुणकारी ठरल्याचे दाखविण्यात आले. पण आवाज थांबल्यावर त्या जागी काय यावे, हे कोणतेही औषध सांगत नाही. ते काम शाळेचे, घराचे आणि शेजाराचे आहे.

ग्वाल्हेरच्या आरोग्यशाळेकडे देशाचे लक्ष वेधले ते सर्वोच्च न्यायालयामुळे. नोव्हेंबर १९९७ मध्ये न्यायालयाने रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर येथील मनोरुग्णालयांवर देखरेख करण्याची जबाबदारी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगावर सोपविली. त्यानंतर आयोगाने बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या साहाय्याने देशातील मनोरुग्णालयांची पाहणी केली आणि १९९९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. कित्येक रुग्णालये तेव्हाही तुरुंगासारख्या जुन्या रचनेतच चालत होती. रुग्णांना ‘कैदी’ या अर्थाचा शब्द, परिचारकांना ‘वॉर्डर’, असा तुरुंगाचाच शब्दसंग्रह तेथे रुळलेला होता. पाटीवर ‘आरोग्य’ लिहून साठ वर्षे लोटली तरी आतला शब्द तुरुंगाचा राहतो, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

कायद्यात बदल झाले ते दोन टप्प्यांत. १९८७ च्या कायद्याने बौद्धिक अक्षमता आणि मनोविकार यांची फारकत केली, आणि सोळा वर्षांखालील रुग्णांसाठी वेगळी रुग्णालये असावीत अशी तरतूद केली. वेगळी इमारत सुचविली गेली. मुलाजवळ कोण असावे हे मात्र सांगितले नव्हते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आहे, हे सांगितले. अज्ञान मुलाला केवळ अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करावे, त्याला प्रौढांपासून वेगळे व त्याच्या वयाला साजेल अशा ठिकाणी ठेवावे, आणि त्याचा प्रतिनिधी किंवा त्याने नेमलेली व्यक्ती दाखल असेपर्यंत सर्व काळ त्याच्याबरोबर राहावी, असे या कायद्यात आहे. मुलीबरोबर स्त्री असावी. मुक्काम तीस दिवसांपर्यंत लांबला तर मंडळास कळवावे. साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई. अमृतसरच्या तंबूंत जे घडत होते, ते सुमारे साठ वर्षांनी मुलांपुरते का होईना, कायद्यात आले.

कायदा मुलाजवळ कोणी असावे म्हणतो. परंतु रुग्णालयात मूल काही आठवडे असते. उरलेली वर्षे ते आपल्यातच असते. या आजाराविषयी मराठीत उघडपणे बोलण्याची सुरुवात अलीकडची आहे. कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्वतःच्या कुटुंबातील अनुभवातून पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या कामाला चालना दिली. त्यांच्याच प्रेरणेतून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ मध्ये आला. त्यात आजारी भावाइतकीच त्याला घरी आणणारी बहीण महत्त्वाची आहे. अनेक घरांनी तो पाहिला आणि पहिल्यांदा आजाराचे नाव मोठ्याने उच्चारले. तोही प्रौढाच्या आजाराचा चित्रपट आहे. लहान मुलाच्या आजारासाठी आपल्या साहित्यात अद्याप तशी जागा झालेली नाही.

ती जागा करण्यासाठी फार मोठ्या गोष्टी लागत नाहीत. वर्गात मागे बसून एकटेच पुटपुटणाऱ्या मुलाची खोड म्हणून थट्टा न करता ज्या शिक्षकाने त्याच्या आईवडिलांना बोलावून शांतपणे विचारले, त्याने उपचाराची दोन-तीन वर्षे वाचविली असे समजावे. वर्षभराने शाळेत परतलेल्या मुलाला खालच्या वर्गात का होईना पण बाकावर जागा देणारे मुख्याध्यापक, सणावाराला त्याच्यासह साऱ्या कुटुंबाला हळदीकुंकवास बोलावणारी शेजारीण, सोयरीक ठरविताना घरातील आजारी भावंड हे वैगुण्य न मानणारे व्याही, यांची नावे कोणत्याही अहवालात येत नाहीत. राजा अज्ञान होता तेव्हा त्याच्या वतीने कारभार पाहणारे एक मंडळ होते. आजारी मुलाचे तसे मंडळ म्हणजे हीच माणसे, आणि ते मंडळ प्रत्येक गल्लीत नव्याने बसवावे लागते.